गणेशखिंडीतील गव्हर्नरांचा प्रासाद

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची उंच मनोऱ्याची मुख्य इमारत पदवीधरांच्या छायाचित्रांतून सर्वांच्या परिचयाची आहे. मुळात मात्र ती विद्येसाठी उभारलेली नव्हती. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यास येत. त्यांच्या मुक्कामासाठी हा प्रासाद बांधला गेला.

यापूर्वी गव्हर्नरांचा मुक्काम दापोडीच्या बंगल्यात असे. सर बार्टल फ्रिअर यांना तो पदाला साजेसा वाटला नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला असताना, १८६४ मध्ये, जेम्स ट्रबशॉ यांच्या आराखड्यानुसार इटालियन धर्तीचे हे बांधकाम सुरू झाले. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, तेजीचा फुगा फुटला आणि मुंबईतील पेढ्या बुडाल्या. बांधकाम मात्र थांबले नाही. १८७१ मध्ये ते पूर्ण झाले, तेव्हा फ्रिअर पायउतार होऊन चार वर्षे लोटली होती. या उधळपट्टीवर खुद्द ब्रिटिश पार्लमेंटमध्ये टीका झाली.

या वास्तूचे नाव इतिहासात कायमचे कोरले गेले ते २२ जून १८९७ च्या रात्री. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त येथे मेजवानी होती. त्याच वर्षी शहरात प्लेगने थैमान घातले होते आणि प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्या हुकमाने गोरे सोजीर घरोघरी शिरून झडत्या घेत होते. देवघरे आणि माजघरेही त्यातून सुटली नव्हती. अशा शहराच्या वेशीवर दिव्यांची ती आरास लोकांना कशी दिसली असेल, हे सांगावयास नकोच. मध्यरात्रीनंतर परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी, तर लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर बाळकृष्ण चापेकरांनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड ३ जुलै रोजी मरण पावले. दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण हे तिघेही बंधू पुढे फासावर गेले. त्याच जुलैत लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि दीड वर्षाची शिक्षा ठोठावण्यात आली.

स्वातंत्र्यानंतर, फेब्रुवारी १९४८ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या काळात त्याचे कार्यालय आरंभी भांडारकर संस्थेजवळील निजाम गेस्ट हाउसमध्ये होते. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या प्रयत्नांमुळे गणेशखिंडीची चारशे एकरांहून अधिक जागा विद्यापीठास मिळाली आणि जून १९४९ पासून गव्हर्नरांच्या दालनांतून कुलगुरूंचा कारभार सुरू झाला.