मोल्सवर्थ हें आडनांव

मराठी शब्दाचा अर्थ अडला म्हणजे ‘मोल्सवर्थ काढा’ असें म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. म्हणणारास त्या वेळीं मनुष्य अभिप्रेत नसतो, ग्रंथ असतो. जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत तो सुमारें ६०,००० शब्दांवर गेला. कोशकर्त्यास लोक ‘मोलेसरशास्त्री’ म्हणूं लागले. ज्यानें आपल्या शब्दांची एवढी फोड केली, त्याच्या नांवाची फोड मात्र आपण सहसा करीत नाहीं. ती येथें करूं.

‘वर्थ’ म्हणजे किंमत, आणि मराठींत ‘मोल’ म्हणजेहि किंमतच! योगायोग गमतीचा खरा, पण व्युत्पत्तीच्या कामीं निरुपयोगी. जुन्या इंग्रजींत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आपली वाडी म्हणा ना. कवि वर्डस्वर्थ याच्या नांवांतलें ‘वर्थ’ तेंच. पूर्वार्धांत आहे ‘मूल’ नांवाचा कोणी गृहस्थ. या शब्दाचा मूळ अर्थ खेचर. तथापि तो नांव म्हणून राजकुळांतहि चाले. वेसेक्सचा राजा कॅडवाला याच्या भावाचें नांव मूलच होतें, व केंटच्या लोकांनीं त्यास ६८७ सालीं जाळून मारलें. आमच्या वाडीचा मूल तोच, असें म्हणण्यास अर्थातच आधार नाहीं.

ही वाडी हंटिंग्डनशायर परगण्यांतली. १९७४ पासून तो केंब्रिजशायरांत मोडतो. विजयी विल्यमनें १०८६ सालीं करविलेल्या पाहणींत तिची नोंद आहे. इंग्लंडांत वंशपरंपरागत आडनांवें रुळलीं तीं त्यानंतर, आधीं जमीनदारांत व मग हळूहळू सामान्यांत. आणि येथें आपला अनुभव उपयोगी पडतो. चिपळुणांतल्या चिपळुणांत सगळ्यांस चिपळूणकर म्हणून काय साधणार? गांव सुटल्यावरच गांवाचें नांव माणसास चिकटतें. म्हणून असलें आडनांव पूर्वज कोठें राहत होते यापेक्षां ते कोठून निघाले हें अधिक सांगतें, असें आम्हांस वाटतें.

सरदारघराण्यांच्या वंशावळी पहिल्या एडवर्डच्या काळच्या सर वॉल्टर द मोल्सवर्थपासून आरंभ करतात. पुढें नांव आयर्लंड व कॉर्नवॉल येथें पसरलें. १७१६ सालीं व्हायकाउंट झालेल्या रॉबर्ट मोल्सवर्थनें डेन्मार्कांतील अनियंत्रित राजसत्तेवर असें पुस्तक लिहिलें कीं डॅनिश दरबार खवळला. तर कॉर्नवॉलच्या सर विल्यम मोल्सवर्थनें अनियंत्रित सत्तेचा मोठा पुरस्कर्ता जो हॉब्स, त्याचेच ग्रंथ १८३९ ते १८४५ या काळांत संपादिले!

मूळ गांवाचें नांव दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन बॉम्बफेकी विमानांच्या तळामुळें, व १९८० नंतर तेथें यावयाच्या क्रूझ क्षेपणास्त्रांविरुद्ध झालेल्या निदर्शनांमुळें वर्तमानपत्रांत गाजलें. पण पुष्कळ इंग्रज वाचकांना या नांवासरशी आठवतो तो नायजेल मोल्सवर्थ, जेफ्री विलन्स यांनीं कल्पिलेला व रोनाल्ड सर्ल यांनीं चितारलेला शाळकरी पोर. आपल्याकडे हें नांव शब्दाच्या अचूकपणाची साक्ष म्हणून घेतात. या पोराला मात्र एक ओळ शुद्ध लिहितां येत नाहीं; १९५३ सालच्या त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या मथळ्यांतच ‘स्कूल’ या शब्दाचीं अक्षरें चुकलेलीं आहेत.