राखणीचा कुत्रा आणि गुरांचा दवाखाना

रत्नागिरी जिल्ह्यात कुत्र्याचे औषधपाणी दोन वाटांनी आले. एक वाट माणसाच्या भीतीची, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याची. दुसरी गुरांच्या दवाखान्याची. कुत्रा स्वतः रुग्ण म्हणून तपासला जाऊ लागला तो फार उशिरा, आणि त्या उशिराच्या खुणा पाळणाऱ्यांच्या सवयींत अजून दिसतात.

कोकणातली घरे वाडीवाडीने विखुरलेली. घराभोवती आगर, आगराला जांभ्याचा गडगा आणि गडग्यापलीकडे रान. अशा वस्तीत कुत्र्याचे काम राखणीचे होते. रात्री चाहूल लागली की भुंकायचे, भातावर आलेली रानडुकरे आणि आंब्यावर बसलेली वानरे हुसकायची, पारधीला माणसांबरोबर जायचे. बिबट्याच्या तोंडी पहिल्यांदा जायचा तोही तोच. मुक्काम पडवीत नाहीतर खळ्यात, आणि जेवण म्हणजे उरलेला भात, भाकरीचा तुकडा, मासळीची डोकी. धर्माने त्याला वाटा दिला होता: वैश्वदेवाच्या बळींत श्वानबळी असे, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असत, आणि ज्या भैरवाचे वाहन कुत्रा, तो भैरीच्या रूपात रत्नागिरी शहराचे ग्रामदैवत आहे. वैद्य मात्र त्याला कोणी दिला नाही. घोड्यासाठी शालिहोत्र आणि हत्तीसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद अशी स्वतंत्र शास्त्रे झाली; जुन्या वैद्यकात कुत्रा शिरला तो प्रामुख्याने विषाचे कारण म्हणून.

घरगुती उपाय होते, ते आगरात मिळेल त्यातून. खरजेवर करंजेल किंवा उंडीचे तेल, जखमेवर हळद, उवा-गोचिडांवर सीताफळाच्या बियांची पूड, जखमेत किडे पडले तर डांबरगोळीचा चुरा. यांतले सगळेच टाकाऊ नाही. करंजाच्या तेलाने खाज आणि किरकोळ खरूज आटोक्यात येते. पण सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. डांबरगोळी तर विषच; बैलाचे तोंड प्रत्येक जखमेपर्यंत पोहोचत नाही, कुत्रा मात्र जखम चाटतोच, आणि गुराला चाललेला उपाय त्याच्या पोटात जातो. गुराचे औषध कुत्र्याला लावण्याची ही चूक पुढे दवाखान्यांच्या काळातही चालू राहिली.

पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होता. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात लाळ गाळणाऱ्या, शेपूट, जबडा आणि खांदे ढिले पडलेल्या, आंधळ्या-बहिऱ्यासारख्या झालेल्या कुत्र्याचे वर्णन आहे, आणि चावा झालेला माणूस पाण्याला भिऊ लागला की तो वाचत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. हे निदान आजही अचूक ठरते. उपाय मात्र दंशातून रक्त काढून तापलेल्या तुपाने डागण्याचा. गावोगावच्या चालीत त्याचेच अवशेष राहिले: डाग देणे, चुना लावणे, मिरचीपूड भरणे, मंत्र घालून घेणे. चावा घेणारा प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो आणि पिसाळलेल्याच्या प्रत्येक चाव्याने रोग होतोच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाच्या खात्यात यशे जमा होत गेली आणि त्याची पत टिकली.

सरकारने या रोगाकडे पाहिले ते बंदोबस्ताच्या नजरेने. मुंबईत उन्हाळ्यात बेवारस कुत्री मारण्याची मोहीम निघे आणि प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने घराच्या दारातली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली, तेव्हा जून १८३२ मध्ये पारशी समाजाने उठाव केला आणि शहराचे व्यवहार बंद पाडले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठे स्थान आहे. त्याच समाजातून पुढे पशुवैद्यकालाही आधार मिळाला. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या नावाचे बाई साकरबाई जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याच्या आधाराने १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रत्नागिरीला पेटिट हे नाव अपरिचित नव्हते. शहरातला कुष्ठरुग्णांचा दवाखाना त्यांच्याच पैशातून झाला होता. महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील यांनी १८८८ मध्ये कुत्र्याच्या रोगांवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कुत्र्याचे शास्त्रशुद्ध वैद्यक परळपर्यंत येऊन ठेपले होते. पण त्याचा उपयोग साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या शिकारी कुत्र्यांना. बंदराच्या वाटेने ते दक्षिणेकडे उतरले नाही.

माणसावरचा इलाज अधिक लांब होता. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या मुलाला पहिली लस टोचली. हिंदुस्थानात पाश्चर संस्था निघाली १९०० मध्ये, तीही हिमालयाच्या डोंगरांत कसौलीला. दक्षिणेत कुन्नूरची संस्था १९०७ मध्ये आली. कोकणातल्या चावा झालेल्या माणसासाठी याचा अर्थ काय होता, ते नकाशावर बोट फिरवले की कळते. आधी आगबोटीने मुंबई, तिथून आगगाडीने काल्का, मग डोंगर. पावसाळ्यात आगबोटी बंद. मग बैलगाडीने आंबाघाट चढून कोल्हापूर गाठायचे आणि तिथून गाडी. विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो, म्हणून चेहऱ्यावर किंवा मानेवर चावा असेल तर अवधी थोडा मिळतो. अशा रुग्णाला ही वाट फार लांबची होती, आणि बहुतेकांना ती परवडणारीही नव्हती. मांत्रिक वाडीतच होता, हे विसरून गावकऱ्यांच्या अंधश्रद्धेवर बोलणे अन्यायाचे ठरते.

कसौलीचे संचालक डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूतला विषाणू कार्बॉलिक ॲसिडने निष्क्रिय करून लस बनवली. ती बाटलीत भरून दूर पाठवता येई, आणि त्यामुळे उपचार जिल्ह्याच्या रुग्णालयांपर्यंत पोहोचू शकला. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ही लस तयार होई. पोटातली चौदा इंजेक्शने म्हणून महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना धास्ती होती ती हीच. मेंदूच्या पेशींचे अंश लशीत राहत असल्याने काही जणांना अर्धांगासारखा विकार होई, आणि वेदनेला कंटाळून मध्येच उपचार सोडणारेही होते. पेशीसंवर्धनातून बनलेल्या लशी आल्यावर भारताने २००४ च्या अखेरीस सेंपल लस बंद केली. आता दंडात किंवा त्वचेत चार-पाच वेळा टोचून भागते. पण चौदा इंजेक्शनांची दहशत लशीपेक्षा जास्त टिकली, आणि तिच्यापायी चावा लपवणारी मुले अजून सापडतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे, त्याच दिवशी दवाखाना गाठणे, आणि जखम खोल असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन घेणे, एवढेच करायचे असते. चावलेला कुत्रा मारून टाकू नये. दहा दिवस नजरेखाली ठेवावा. तो जिवंत आणि धडधाकट राहिला तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. उपचार मात्र त्या दहा दिवसांसाठी अडवून ठेवायचे नाहीत.

माणसाची लस सुधारत गेली तसे कुत्र्याचे काय झाले? जपानमध्ये उमेनो आणि दोई यांनी १९२१ मध्येच कुत्र्यांसाठी एका मात्रेची लस काढली. सक्तीच्या लसीकरणाचा कायदा १९५० मध्ये करून त्या देशाने १९५७ पर्यंत रेबीज हद्दपार केला. आपल्याकडे नगरपालिकांचा मार्ग विषाच्या गोळीचा राहिला. पशुवैद्यक खात्याची सगळी शक्ती बुळकांडी, घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या साथींवर खर्च होत होती, आणि शेतीचे आयुष्य बैलावर असताना ते स्वाभाविकच होते. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर तालुक्या-तालुक्यांत श्रेणी एक आणि श्रेणी दोनचे पशुवैद्यकीय दवाखाने पसरले. लोकांच्या तोंडी नाव मात्र गुरांचा दवाखाना. तिथे म्हैस नेत, बैल नेत. कुत्रा नेणाऱ्याकडे लोक वळून बघत. बुळकांडीचा देशातला शेवटचा रुग्ण १९९५ मध्ये नोंदला गेला, आणि बैलही कमी होत गेले. कुत्र्याला दवाखान्यात जागा झाली ती साधारण याच सुमारास.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मुंबईकर चाकरमान्यांची गावची घरे आणि आंब्याच्या बागा वर्षभर उघड्या राहू लागल्या, आणि राखणीला लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशी कुत्री आली. दाट केसांच्या या जातींना तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारी हवा सोसत नाही. ओल्या केसांखाली कातडी नासते, कान वाहू लागतात; पावसाळ्यात अंग पुसून कोरडे ठेवणे हाच निम्मा उपचार. १९७८ मध्ये जगात उद्भवलेला पार्वो हा विषाणू पिल्लांना रक्ताच्या हगवणीने दोन-तीन दिवसांत संपवतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला एकत्रित लशीची पहिली मात्रा द्यावी, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा द्यावी आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचावी.

कोकणी घराची एक खास अडचण गोचिडांची आहे. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड अंडी कुत्र्यावर नव्हे, भिंतीच्या फटीत घालते, आणि चिऱ्याच्या भिंतीला फटींची कमतरता नसते. नुसते अंगावरचे औषध लावून भागत नाही. पडवीचे कोपरे आणि चौथऱ्याच्या फटीही साफ कराव्या लागतात. ताप, खाणे सोडणे, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा लालसर-काळी लघवी दिसली तर गोचीडतापाची शंका घेऊन रक्त तपासावे. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो हा दुसरा पावसाळी रोग. भातलावणीच्या चिखलात तो माणसाला गाठतो, डबक्यातले पाणी पिणाऱ्या कुत्र्यालाही, आणि कुत्र्याच्या लघवीतून पुन्हा घरात येऊ शकतो. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरासारख्या आपत्तीनंतर हा धोका वाढतो. उलट्या, वाढलेली तहान, पिवळे डोळे ही लक्षणे. कुत्र्याच्या एकत्रित लशीत लेप्टोचा भाग असतो, पण तो काही प्रकारांपुरताच आणि वर्षभरच टिकतो.

कुत्री मारण्याचा जुना मार्ग २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी बंद झाला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा मूळ जागी सोडायचा, असे ठरले. नसबंदीने रेबीज आपोआप जात नाही. त्यासाठी सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस लागते. ते कसे जमते याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. तिथे सरकार आणि मिशन रेबीज संस्थेने घरोघर फिरून, भटकी कुत्री हातजाळ्यांनी धरून, मोबाइलवर नोंदी ठेवत दरवर्षी सुमारे एक लाख लशी टोचल्या, शाळांत मुलांना चाव्याची माहिती दिली, आणि २०२१ मध्ये गोवा देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले. रत्नागिरीच्या वाड्यांत काम एका बाजूने सोपे आहे. मोकळा फिरणारा कुत्राही बहुधा कोणा घरचा असतो आणि घरच्या माणसाच्या हाती मुकाट्याने येतो. जाळ्याची गरज कमी पडते. अडचण आहे ती सातत्याची. बिबट्या, मोटारी आणि पार्वो यांच्यामुळे वाडीतली कुत्री भराभर बदलतात, वर्षभरात नवी, लस न टोचलेली पिल्ले येतात आणि गाठलेले प्रमाण घसरते. म्हणून शिबिर एकदा भरवून पुरत नाही. मृगाच्या आधी, बागेची कामे उरकल्यावर, ते दरवर्षी घ्यावे लागते.