चार दशांश मिलिमीटरची फट

जुन्या गाड्यांचे शौकीन जमले की एक वाद हटकून निघतो. प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसिडर, पेट्रोलवरची महिंद्रा जीप किंवा लोखंडी इंजिनाची बुलेट यांत मूळचा सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटच ठेवावा, की तो काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं? पॉइंटवाले म्हणतात, पॉइंट बिघडला तरी रस्त्यात बसून घासता येतो. इलेक्ट्रॉनिक गेलं की टोचन लावण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरा पक्ष विचारतो, जे सहसा बिघडतच नाही त्याच्या दुरुस्तीची चिंता कशाला? दोघांचं गृहीत मात्र एकच आहे: भरवसा हा त्या सुट्या भागाचा गुण असतो. बीडसारख्या जिल्ह्यातला पाऊणशे वर्षांचा वाहनांचा इतिहास पाहिला तर हे गृहीत टिकत नाही. पॉइंट इतकी वर्षं चालला तो त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या गॅरेजांमुळे, आणि त्याचा भरवसा ओसरला तोही ती गॅरेजं दुसऱ्या कामाला लागली म्हणून.

आधी यंत्र समजून घेऊ. चार्ल्स केटरिंग या अभियंत्याची पॉइंट आणि कॉइलची ही रचना अमेरिकेत 1910 च्या कॅडिलॅकमध्ये बसली आणि पुढची साठ वर्षं जगभर तीच चालली. बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यातून फिरत असतो. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह एकदम तुटतो, आणि कॉइलच्या दुसऱ्या, हजारो वेढ्यांच्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. ती प्लगऐवजी पॉइंटवरच पडू नये हे कंडेन्सर पाहतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर पॉइंट सेकंदाला 100 वेळा उघडतो. उघडल्यावरची फट साधारण 0.4 मिलिमीटर. कॅमवर घासणारी टाच झिजते तशी ही फट मिटत जाते आणि ठिणगीचं टायमिंग मागे पडतं. टोकांवर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेकाड तयार होतं. गाडी लगेच बंद पडत नाही. ती पेट्रोल जास्त पिते, तापते, मांजरसुंब्याचा घाट चढताना मिसिंग करू लागते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीत तेच काम सेन्सर आणि ट्रान्झिस्टर करतात. घासणारं काही नाही, म्हणून फट नाही, आणि फट नाही म्हणून ती लावून घेणंही नाही.

आता बीडकडे वळू. परळीसारखा अपवाद सोडला तर हा जिल्हा रस्त्यावरच जगला. जिल्ह्याच्या ठिकाणी पहिली प्रवासी रेल्वे धावली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. त्याआधीची सगळी ये-जा रबरी चाकांवर. निजाम स्टेट रेल्वेने 1932 मध्ये 27 बसगाड्यांनिशी संस्थानात रस्ते वाहतूक सुरू केली होती. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली, तेव्हा शेजारचा बीड जिल्हा अजून निजामाच्याच राज्यात होता. त्या काळच्या बसगाड्यांत पेट्रोल इंजिनं सर्रास असत. पुढे अवजड वाहनं डिझेलवर गेली आणि डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं. म्हणून या जिल्ह्यातलं सर्वांत मोठं स्थलांतर, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड कामगारांना साखर कारखान्यांकडे नेणारे ट्रक आणि ट्रॅक्टर, पॉइंटच्या कथेत येत नाही. कथेत उरतात त्या सरकारी पेट्रोल जीप, डॉक्टर-वकिलांच्या फियाट आणि अॅम्बेसिडर, आणि संख्येने या सगळ्यांना मागे टाकणाऱ्या दुचाकी: राजदूत, येझदी, बुलेट, आकुर्डीत आणि 1985 पासून औरंगाबादजवळ वाळूजमध्येही कारखाना असलेल्या बजाजच्या स्कूटर, कायनेटिकची लूना. मोटार आणि स्कूटर यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर होतं, पण ठिणगी पाडण्याची युक्ती दोन्हींत एकच. मोटारीत ती डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली, स्कूटरमध्ये मॅग्नेटच्या आत.

ही एकच युक्ती सगळ्या गाड्यांत असणं हे पॉइंटच्या दीर्घायुष्याचं खरं कारण आहे. ते घडलं परवाना-राज्याच्या कृपेने. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा पहिला परदेशी भागीदार क्रायस्लर. त्याच क्रायस्लरने 1973 च्या सुमारास अमेरिकेतल्या आपल्या सर्व मोटारींत इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं. इकडे कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 ची फियाट आधी प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी या नावाने पॉइंटसह निघत राहिली. स्पर्धा नव्हती, ग्राहक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेले, मग बदल करायचा कोणासाठी? या साचलेपणाला नावं ठेवायला हवीत, पण त्याचा एक अनपेक्षित लाभ तालुक्याच्या गावांना झाला. गेवराई, केज किंवा आष्टीत गॅरेजवर लागलेला पोरगा एकदा पॉइंट घासायला, फट लावायला आणि टायमिंग धरायला शिकला की वीस-पंचवीस वर्षं त्याचं ज्ञान शिळं होत नसे. हत्यारंही स्वस्त. फिलर गेज नसेल तर दाढीचं पातं असतंच: एक सुमारे 0.1 मिलिमीटर जाडीचं, चार एकावर एक ठेवली की हवी ती फट.

इथे पहिला आक्षेप येतो. मराठवाड्याचा उन्हाळा, चाळिशीपार जाणारा पारा, बाराही महिने धूळ. अशा ठिकाणी नाजूक इलेक्ट्रॉनिक डबीपेक्षा रांगडा पॉइंटच बरा, असं म्हटलं जातं. यातला उष्णतेचा मुद्दा खोटा नाही. सुरुवातीची इलेक्ट्रॉनिक युनिटं उष्णतेने दगा देत. पण कंडेन्सरही उष्णतेनेच मरतो, आणि तोही न सांगता. करंट गेला की गेला. पॉइंट घासून चालतो, कंडेन्सर घासून चालत नाही; तो बदलावाच लागतो. म्हणजे “पॉइंट रस्त्यात दुरुस्त होतो” हे निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं असं की कंडेन्सर पुढच्या गावात मिळत होता. तोच नंबर नसेल तर मिस्त्री दुसऱ्याच गाडीचा कंडेन्सर बाहेरून लटकावून गाडी घरापर्यंत पोचवत असे, कारण क्षमतेत फार फरक नसे. हा गुण धातूचा की त्या दुकानाचा? मला तरी तो दुकानाचाच वाटतो. धुळीबद्दल तर बोलायलाच नको: टोकांवर बसलेला धूळ-तेलाचा थर हे पॉइंट जळण्याचं नेहमीचं कारण आहे.

बदल आला तो दोन वाटांनी. 1985 मध्ये हिरो होंडा सीडी 100 आली ती सीडीआय, म्हणजे पॉइंटविना चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, घेऊन. तिची जाहिरात पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा अशा अर्थाची होती. ग्रामीण ग्राहकाला भुरळ पडली ती मायलेजची, पण त्या विसरण्यात पॉइंटही होता. पाठोपाठ बजाजच्या स्कूटरही इलेक्ट्रॉनिक झाल्या. बुलेटने मात्र या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत पॉइंट सोडला नाही. मोटारींवर दुसरी वाट कायद्याने आणली. 1995 मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, 2000 पासून प्रदूषणाचे निकष देशभर कडक झाले. एखादी ठिणगी चुकली तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो निकामी होतो. झिजत जाणाऱ्या पॉइंटला इथे जागाच नव्हती. पद्मिनीचं उत्पादनही त्याच सुमारास थांबलं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: इलेक्ट्रॉनिकने रस्त्याकडेच्या मिस्त्रीचा धंदा बुडवला. घटनाक्रम तसं सांगत नाही. सीडीआयची डबी उघडता येत नव्हती, पण बदलायला दोन वायरी आणि एक बोल्ट पुरे. कार्ब्युरेटर, क्लच, व्हॉल्व्ह, चेन ही सगळी कामं त्याच्याकडेच राहिली. खरी कोंडी 1 एप्रिल 2020 पासूनची आहे. बीएस-6 या प्रदूषण-निकषांमुळे दुचाकींनाही फ्युएल इंजेक्शन आलं आणि बिघाड शोधायला कंपनीचं स्कॅनर लागू लागलं. सीडीआयने मिस्त्रीचं एक काम नेलं. इंजेक्शनने त्याचं निदान करणंच नेलं. दोन्हींचा राग एकाच डबीवर काढणं बरोबर नाही.

मग एमएच-23 पाटीच्या जुन्या फियाटवाल्याने काय करावं? पॉइंटचा जुना भरवसा ज्या जाळ्यावर उभा होता ते विरलं आहे. आज पॅशन-स्प्लेंडरवर हात बसलेल्या तरुण मेकॅनिकने फट कधी लावलेलीच नसते, आणि नव्याने बनणाऱ्या कंडेन्सरच्या दर्जाबद्दल जुन्या गाडीवाल्यांची तक्रार जगभर सारखीच आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते. पद्मिनीतल्या अगदी सुरुवातीच्याच गाड्या आता कुठे त्या वयाला पोचताहेत. ज्यांना प्रदर्शनात उभी करायची आहे त्यांनी पॉइंट ठेवावा आणि तो लावायला स्वतः शिकावं. ज्यांना बीडहून अंबाजोगाईला गाडी खरोखर चालवत न्यायची आहे त्यांनी बेलाशक इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवावं. ते डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली मावतं, बाहेरून काही दिसत नाही आणि तासाभरात पुन्हा काढता येतं. मात्र जुनी बेसप्लेट, फट लावलेला पॉइंट आणि तपासलेला कंडेन्सर डिकीत असू द्या, आणि तुमच्या गावात टायमिंग कानाने ओळखणारा म्हातारा मिस्त्री अजून असेल, तर ते बसवण्याचं काम त्याच्याकडूनच शिकून घ्या.