लेकरं घेऊन बोटीवर...

सावनेरच्या माणसाने जहाजांवर लिहावे, हे वाचून कोकणातले वाचक हसतील. हसू द्या! आमच्या गावाला कोलार नदी आहे, समुद्र नाही. बोट म्हटली की आमच्या डोळ्यांसमोर येते ती रामटेकजवळच्या खिंडसी तलावातली. मुंबईचा समुद्र गाठायचा तर नागपूरहून रात्रभराचा रेल्वेप्रवास. पण आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे कोणी काही विचारले की आधी मागे वळून बघायची खोड जडली आहे.

विचारले ते लेकीने. लेक-जावई पुण्याला असतात. मोठी नात सहा वर्षांची, धाकटा नातू दीड वर्षाचा. येत्या हिवाळ्यात क्रूझवर जायचे त्यांच्या मनात आहे, आणि आम्हा दोघा म्हाताऱ्यांनाही न्यायचे आहे. जावईबापूंनी त्यासाठी दोन वर्षे दरमहा पैसे बाजूला टाकले. "बाबा, परवडेल अशी कोणती घ्यावी? आणि एवढी लहान लेकरं घेऊन जावं की नाही?" असा तिचा प्रश्न. पैसा कष्टाचा, मुले तान्ही, सौ.चे गुडघे दुखरे. तेव्हा उत्तर विचार करूनच द्यायला हवे.

लहान मूल घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या मराठी आईची आठवण काढायची तर पंडिता रमाबाईंची काढावी लागते. त्या १८८३ साली मुंबईहून इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांची मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. पती वर्षभरापूर्वीच वारले होते. प्रवासाचा खर्च त्यांनी 'स्त्री धर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे मानणारा तो काळ! परवडते का, हा प्रश्न त्यांनाही होताच. पण जायचे कशाला, हे पक्के होते. शिकायला.

मौजेखातर समुद्रावर फिरायला नेण्याचा धंदा त्यानंतर थोड्याच वर्षांनी जोर धरू लागला. हांबुर्गच्या आल्बर्ट बालिन नावाच्या जहाजवाल्यापुढे एक अडचण होती. हिवाळ्यात अटलांटिक खवळतो, अमेरिकेला जाणारे प्रवासी रोडावतात, आणि मोठाली जहाजे रिकामी पडून राहतात. त्याने १८९१ च्या जानेवारीत 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज श्रीमंत मंडळी भरून भूमध्य समुद्रात दोन महिन्यांच्या सफरीला पाठवले. म्हणजे मुळात ही युक्ती रिकाम्या खोल्या भरण्याची! लेकीला मी हेच आधी सांगितले. आजही ऐनवेळी जी मोठी 'सूट' दिसते, तिच्यामागे बहुधा रिकामी खोलीच असते. सूट घ्यावी, पण ती का मिळते आहे हे समजून घ्यावे.

आपल्याकडे मात्र बोट ही मौज नव्हती, गरज होती. घाटातले रस्ते वाईट, रेल्वे नाही. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसे आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे करीत गावी पोचे. पुढे पणजी. ऐपत असलेले केबिनमध्ये, बाकीचे डेकवर वळकटी पसरून. कित्येक बंदरांत बोट किनाऱ्याला लागतच नसे, ती समुद्रात उभी राही आणि पडावात उतरावे लागे. कडेवर पोर, डोक्यावर ट्रंक, खाली हलते पाणी! मराठीत ओकाऱ्या होण्याला 'बोट लागणे' म्हणतात, तो शब्द या प्रवासानेच दिला असावा.

या किनाऱ्यावर दरयुद्धेही झाली. मोठ्या कंपनीच्या मक्तेदारीला तोंड द्यायला स्वदेशी भावनेने एक सहकारी कंपनी उभी राहिली. लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. बोटींना संतांची नावे दिलेली. पण नाव संताचे असले तरी समुद्र तो समुद्रच. नोव्हेंबर १९२७ मध्ये 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्य महिन्याभरावर आले असताना, 'रामदास' गेली.

त्या दिवशी आषाढ अमावास्या होती. सणासाठी घरी निघालेली माणसे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला चालली होती. लांबच्या बोटी पावसाळ्यात बंद असत, पण रेवस जवळचे, म्हणून ही फेरी चाले. बंदराबाहेर काशाच्या खडकाजवळ वारा-पाऊस सुरू झाला, लाटेचे पाणी आत आले, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेच्या वर माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला कळायलाच काही तास गेले. पोहून आलेल्यांनी सांगितले तेव्हा कळले.

हे लेकीला भिववायला सांगत नाही. आजचे मोठे जहाज आणि 'रामदास' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण 'जवळच तर जायचंय' हा विचार तेव्हाही होता आणि आताही आहे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. तोही तासाभराचाच प्रवास होता. मोठ्या जहाजाचेही उदाहरण आहे. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळले, बत्तीस माणसे गेली. त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची सुरक्षेची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर जहाज सुटण्याआधीच कवायत घेण्याचा दंडक आला. शाळेत कवायतीच्या तासाला पोरे कंटाळत, तसे तिथे मोठे लोक कंटाळतात म्हणे!

असो. कोकणच्या बोटी रस्ता सुधारला तशा ओसरल्या, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर तर गरजच उरली नाही. गरज संपली आणि मौज आली! २००५ मध्ये 'सुपरस्टार लिब्रा' मुंबईहून सुटू लागली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' निघाली, कान्होजींचे नाव घेऊन. तेव्हा जहाज खाते आमच्या नागपूरच्याच नितीन गडकरींकडे होते, म्हणून इथल्या वर्तमानपत्रांतही कौतुक झाले. २०१९ मध्ये 'कर्णिका' आली. यांतली एकही फार वर्षे टिकली नाही. 'कर्णिका' तर २०२० मध्ये अलंगला भंगारात गेली. २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' आली. हे जहाज १९९० सालचे, अमेरिकेत तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठीच बांधलेले.

या यादीतून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, आपल्याकडे हा धंदा अजून स्थिरावलेला नाही. म्हणून वर्षभर आधी पैसे भरताना, फेरी रद्द झाली तर ते किती दिवसांत परत मिळतील हे लेखी घ्यावे. दुसरी, लहान मुलांना दोन-तीन रात्री पुरतात. बोट लागली तर दोन रात्री काढता येतात, सात निघत नाहीत.

बाकी हिशेब मास्तरकीचा. जाहिरातीतला दर दर माणशी असतो, आणि तोही एका खोलीत दोघे धरून. त्यावर बंदराचे शुल्क, कर, सेवाशुल्क चढते. त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्याला सहसा कमी लागते, म्हणून चौघांची एक खोली आणि आमची एक, असा बेरजेचा कागद करावा. आमचा सावनेर-मुंबई खर्च आणि आदल्या दिवशीचा मुक्कामही त्यात धरावा. गाडी उशिरा आली म्हणून जहाज थांबत नाही.

खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. तिथे हेलकावे कमी बसतात आणि खिडकी नसल्यास स्वस्तही पडते. पण लिफ्ट जवळ हवी, सौ.साठी. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालचे बाळ घेत नाहीत. आपला दीड वर्षाचा चालेल, पण लंगोटातल्या मुलांना पोहण्याच्या तलावात सहसा उतरू देत नाहीत, आणि मुलांच्या खेळघरात बहुधा तीन वर्षांपुढचीच घेतात. म्हणजे खेळघराचा फायदा नातीला, नातवाला नाही. त्याच्या मागे आळीपाळीने आपणच धावायचे. त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट, दूध, मऊ भात, रात्रीचा डॉक्टर आणि त्याची फी, हे सगळे पैसे भरण्याआधी विचारावे.

माझे उत्तर: जा. पण जानेवारीत, दोन रात्री, आणि बेरीज करून जमलेल्या पैशांत बसले तरच. कर्ज काढून नाही. नाहीच बसले तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसची साधी फेरी करू. मुले समुद्र बघतील, आणि नातीला मी 'रामदास'ची गोष्ट सांगेन. तिला आता ती कळेल.

जावईबापूंनी कागद मागवले आहेत. आप्तांपैकी कोणी कोकण बोटीने पोरे घेऊन गेले असेल, तर रात्री डेकवर त्यांना कसे सांभाळले ते सौ.ला जरूर सांगा. ती विचारते आहे.