दोरांनी बांधलेली विमाने

अमेरिकेत सर्वांना वापरता येतील असे सुमारे ५,००० विमानतळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर प्रवासी कंपनीचे विमान कधी उतरत नाही. एक धावपट्टी, इंधनाचा पंप, पत्र्याच्या हँगरांची रांग आणि उघड्यावर दोरांनी जमिनीला बांधलेली दोन-चार आसनांची विमाने, एवढाच तिथला पसारा. या रांगेच्या कडेने, गवताच्या बाजूला चालत गेलात तर बहुधा एखादे विमान असे भेटते की ज्याच्या टायरमधली हवा कधीच गेलेली आहे. काचेवर पिवळट झाक आलेली, रंगाचे पोपडे सुटलेले, इंजिनाच्या झाकणातून घरट्याच्या काड्या डोकावणाऱ्या. वेग मोजण्यासाठी पंखाखाली बसवलेली बारीक नळी कुंभारमाशीने मातीने लिंपून टाकलेली. या विमानाला अपघात झालेला नाही. ते नीट उतरले, कुणीतरी नीट बांधून ठेवले, आणि पुन्हा त्याच्याकडे यायचे राहून गेले.

लहान खासगी विमाने का आणि कशी पडून राहतात, या आमच्या अभ्यासाची सुरुवात अशा विमानापासून होते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचे मनापासून स्वागत. इथे यंत्रशास्त्र, अर्थशास्त्र आणि समाजेतिहास एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की कोणत्याही एका दारातून आत आलात तरी बाकीची दोन आपोआप उघडतात.

नवा अभ्यासक अशा विमानाला ‘बेवारस’ म्हणून मोकळा होतो. तसे करू नये. बहुतेक वेळा वारस असतो, कागदावर त्याचे नाव असते, आणि पुष्कळदा तो जागेचे भाडेही महिन्याच्या महिन्याला भरत असतो. कुणाचे वय झालेले असते आणि वैद्यकीय तपासणीत तो बसत नाही. कुणी निवर्तलेला असतो आणि वडिलांच्या विमानाचे करायचे काय, हे मुलांना उमगत नाही. कुणाच्या तपासणीत मोठा खर्च निघालेला असतो आणि ‘पुढच्या उन्हाळ्यात बघू’ म्हणता म्हणता दहा उन्हाळे सरलेले असतात. विमान टाकून देण्याचा दिवस असा नसतोच; असते ती लांबणीवर टाकलेल्या दिवसांची साखळी. ही साखळी कशी तयार होते, हाच माझ्या मते या क्षेत्राचा गाभ्याचा प्रश्न आहे.

त्यासाठी आधी यंत्राचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो. लहान विमानांत सर्रास आढळणाऱ्या लायकॉमिंगच्या इंजिनांत कॅमशाफ्ट हा क्रँकशाफ्टच्या वरच्या बाजूला असतो. इंजिन चालू असताना आत उडणारे तेल त्याला भिजवत राहते. इंजिन बंद राहिले की ते तेल हळूहळू निथळून खाली जाते, उघड्या पडलेल्या पोलादावर दमट हवेने गंजाचे ठिपके धरतात, आणि पुढे कधी इंजिन सुरू केलेच तर त्या ठिपक्यांपाशी धातू सोलवटू लागतो. उभे राहणे हीच या विमानाची झीज. म्हणून निर्माते इंजिनाच्या पूर्ण दुरुस्तीची मुदत तासांत सांगतात तशी वर्षांतही सांगतात: अनेक मॉडेलांसाठी २,००० तास किंवा १२ वर्षे, जे आधी येईल ते. हिशेब करून पाहा. १२ वर्षांत २,००० तास भरायचे तर आठवड्याला तीन तासांहून जास्त उडावे लागते. नोकरी सांभाळून रविवारी उडणाऱ्या माणसाला हे जमत नाही. त्याची वर्षे आधी भरतात. ही मुदत पाळणे खासगी मालकावर बंधनकारक नाही, पण दरवर्षीची तपासणी बंधनकारक आहे, आणि तिथे मेकॅनिकने इंजिन उघडायला सांगितले की येणारा आकडा ‘सेसना १५०’सारख्या जुन्या लहान विमानाच्या बाजारभावाला सहज गाठतो. त्या दिवशी विमान विकावे तर किंमत येत नाही, दुरुस्त करावे तर घातलेले पैसे वसूल होत नाहीत, आणि भंगारात द्यायला हात धजत नाही.

ही परिस्थिती नेहमीची नव्हती. १९३३ साली अमेरिकी सरकारच्या हवाई खात्याचे प्रमुख यूजीन विडाल यांनी सामान्य माणसासाठी ७०० डॉलरच्या विमानाची कल्पना मांडली होती. ते ७०० डॉलरचे विमान आले नाही, पण स्वप्न टिकले. पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवनच्या कारखान्यातून पायपरची पिवळी, कापडी अंगाची ‘कब’ हजारोंनी बाहेर पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने उडायला शिकता आले, आणि १९४६ या एका वर्षात अमेरिकेत ३०,००० हून अधिक नागरी विमाने बनली. पुढच्याच वर्षी ही लाट ओसरली. १९५६ साली आलेल्या सेसना १७२ची किंमत सुमारे ९,००० डॉलर होती. मध्यम अमेरिकी कुटुंबाचे दोन वर्षांचे उत्पन्न तिच्यापुढे पुरून उरत असे. आज त्याच नावाचे नवे विमान ४ लाख डॉलरच्या वर जाते, म्हणजे तशाच कुटुंबाच्या चार वर्षांहून अधिक कमाईचे. १९७८ साली अमेरिकेत सुमारे १७,८०० लहान-मोठी खासगी विमाने तयार झाली. १९९४ साली हा आकडा हजाराच्याही खाली होता.

या घसरणीचे सर्वांच्या तोंडी असलेले कारण म्हणजे कोर्टकचेऱ्या. तीस वर्षांपूर्वी बनवलेल्या विमानाचा अपघात झाला तरी निर्मात्यावर दावा होई, विम्याचे हप्ते वाढत, आणि १९८६ साली सेसनाने पिस्टन इंजिनाची विमाने बनवणे थांबवले. यात तथ्य आहे, पण सगळे नाही. १९९४च्या कायद्याने निर्मात्याच्या जबाबदारीला १८ वर्षांची मर्यादा घातली, १९९६ साली १७२चे उत्पादन पुन्हा सुरू झाले, आणि तरीही विमान स्वस्त झाले नाही. माझ्या मते मूळ कारण संख्येत आहे. प्रमाणपत्रांचा, साच्यांचा, कुशल हातांचा खर्च हजारो विमानांवर वाटला जात होता, तो शेकड्यांवर येऊन पडला. उडणारे घटले म्हणून उडणे महागले आणि महागले म्हणून आणखी घटले. विमानतळावरही हेच घडते. धावपट्टीचा आणि पंपाचा खर्च तेवढाच राहतो, वाटून घेणारे कमी होतात. इंधनात अजूनही शिसे असते आणि ते काढण्याची धडपड सुरू आहे. आरोग्यासाठी ती योग्यच आहे, मात्र तिचाही भार याच थोड्यांवर येणार.

वाचायला सुरुवात करायची तर जोसेफ कॉर्न यांचे १९८३चे ‘द विंग्ड गॉस्पेल’ आधी घ्या. घरोघरी विमान येईल या श्रद्धेचा तो इतिहास आहे. त्यानंतर ॲलन मेयर यांचे ‘वीकेंड पायलट्स’. ही हौस प्रामुख्याने गोऱ्या मध्यमवर्गीय पुरुषांची का राहिली, हे त्यातून समजते, आणि गतकाळाबद्दल हळहळताना ते विसरता येत नाही. मग पुस्तके बाजूला ठेवून ‘ट्रेड-अ-प्लेन’चे पिवळ्या कागदावरचे जुने अंक चाळा. १९३७पासूनच्या त्या जाहिरातींत विमानांच्या भावाचा इतिहास विमान विकणाऱ्यांच्याच शब्दांत सापडतो.

मराठी वाचकाला हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेले दोन आसनी ‘पुष्पक’ १९५८ साली प्रथम उडाले. एरोन्का कंपनीच्या ‘चीफ’ या अमेरिकी विमानाशी त्याचे साम्य पाहताक्षणी लक्षात येते. आणि व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी पुण्या-मुंबईहून फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोनाला गेलेली मुले अशाच जुन्या सेसनांवर शिकून येतात. तुमच्या नात्यात, शेजारात असा कोणी असेल तर त्याचे लॉगबुक पाहायला मागा. प्रत्येक उड्डाणापुढे विमानाचा क्रमांक लिहिलेला असतो, ‘एन’ या अक्षराने सुरू होणारा. अमेरिकेची विमाननोंदणी ओक्लाहोमा सिटीत ठेवली जाते आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. लॉगबुकातला पहिल्या एकट्याच्या उड्डाणापुढचा क्रमांक तिथे शोधा. विमान कोणत्या साली बनले, बहुतेक वेळा आज कुणाच्या नावावर आहे, नोंदणी चालू आहे की मुदत संपून पडली आहे, हे दोन मिनिटांत कळते. नंतर ज्याने त्या विमानावर पहिल्यांदा एकट्याने आकाशात झेप घेतली, त्याला ते सांगा, आणि तो काय बोलतो ते लिहून घ्या.