सह्याद्रीतील जलाशय आणि महाशीर संवर्धन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीत मिळालेल्या महाशीर माशाचे शास्त्रीय वर्णन केले. आज ही जात 'टोर खुद्री' या नावाने ओळखली जाते. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून वाहत्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालणे हा तिचा जीवनक्रम होय. धरणांनी नेमका तोच खंडित केला.

टाटा समूहाच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळा, वळवण व शिरवता येथे धरणे बांधण्यात येऊन १९१५ मध्ये खोपोली येथे वीजनिर्मिती सुरू झाली. १९२७ पर्यंत मुळशी प्रकल्पही कार्यान्वित झाला. मुळशीच्या शेतकऱ्यांचा १९२१ पासूनचा सत्याग्रह इतिहासात नोंदला गेला; पाण्याखालच्या विस्थापनाकडे लक्ष जाण्यास मात्र फार विलंब लागला. १८९७ च्या मत्स्य कायद्याने सुरुंग व विषप्रयोग यांना बंदी घातली होती, परंतु धरणाची भिंत त्या कायद्याच्या कल्पनेतच नव्हती.

स्वातंत्र्योत्तर काळात जलाशयांकडे प्रामुख्याने उत्पादनाच्या दृष्टीने पाहिले गेले. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजननाचे तंत्र यशस्वी केल्यावर कटला, रोहू, मृगळ या गंगेच्या खोऱ्यातील माशांचे बीज दख्खनच्या जलाशयांतही सोडले जाऊ लागले. कमी अंडी देणारा व सावकाश वाढणारा महाशीर या हिशेबात बसणारा नव्हता.

या पार्श्वभूमीवर १९७० च्या दशकात सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी लोणावळा परिसरात केलेले कार्य महत्त्वाचे ठरते. जलाशयातील पक्व मादीची अंडी हाताने हलकेच दाबून काढावयाची, त्यांत नराचे रेत मिसळावयाचे आणि फलित अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत उबवावयाची, अशी ही पद्धत होती. धरणाने हिरावलेला ओढाच जणू तबकात आणला गेला. येथील मत्स्यबोटुकली पुढे अनेक राज्यांना पुरविण्यात आली.

तथापि, या यशाची दुसरी बाजू कावेरीत दिसून आली. तेथे टोर खुद्री मूळची नाही. मासेमारीच्या छंदासाठी व संवर्धनाच्या सद्हेतूने ती सोडण्यात आली आणि झपाट्याने फैलावली. १९९८ ते २०१२ या काळातील गळ-मासेमारीच्या नोंदींवर आधारित, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या आगंतुक माशाची वाढती संख्या आणि कावेरीच्या मूळच्या, मोठ्या कुबडाच्या महाशीराची घसरण स्पष्ट झाली. वाळूउपसा, धरणे व अवैध मासेमारी हीदेखील त्या ऱ्हासाची कारणे आहेतच. सारा दोष लोणावळ्याच्या बीजावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. परंतु एका खोऱ्याचा उपाय दुसऱ्या खोऱ्यात नेताना तेथे मुळात कोणता मासा आहे, हे निश्चित झालेले नव्हते. कुबडवाला महाशीर म्हणजे केरळमधील पांबार नदीतून २००७ मध्ये वर्णिलेली 'टोर रेमादेवी' ही जात होय, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी तिची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली.