युकुलेलेला पिकअप बसवण्यापूर्वी...

चार तारांचे, जेमतेम हातभर लांबीचे युकुलेले दिवाणखान्यात गोड वाजते. मात्र तेच वाद्य मंचावर ड्रम आणि गिटारच्या शेजारी नेले, की त्याचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोहोचेनासा होतो. हा आवाज ध्वनिक्षेपकापर्यंत नेण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे वाद्याच्या पोटात ‘पिकअप’ बसवणे. हत्यारांची सवय असलेल्याला हे काम घरीही जमू शकते. तथापि, त्यासाठी लाकडाला एकदा पाडलेले भोक बुजवले तरी वाद्य पूर्ववत होत नाही. म्हणूनच ड्रिल हाती घेण्यापूर्वी आपल्याला कोणता आवाज हवा आहे आणि त्यासाठी वाद्याला किती धक्का लावावा लागेल, याचा विचार आवश्यक ठरतो.

अंगणातले वाद्य

२३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज माडेरा या पोर्तुगीज बेटावरील मजुरांना घेऊन हवाई बेटांवरील होनोलुलू बंदरात दाखल झाले. मॅन्युएल नुनेस, जोझे दो एस्पिरितो सांतो आणि ऑगुस्तो दियास हे लाकूडकाम जाणणारे तिघे कारागीर त्या जहाजात होते. माडेरातील एका लहान तंतुवाद्याच्या धर्तीवर त्यांनी होनोलुलूत वाद्ये घडवण्यास प्रारंभ केला. त्यातूनच युकुलेले आकारास आले. राजा कालाकाउआ याने त्याला राजाश्रय दिला आणि १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर ते अमेरिकाभर लोकप्रिय झाले.

घरात, अंगणात, मोजक्या श्रोत्यांसमोर वाजवण्यासाठीच त्याची जडणघडण झाली. तारांचा ताण कमी असल्याने वरची तबली पातळ आणि पोकळ अंग हलके ठेवता येते. या हलकेपणातच त्याच्या आवाजाचे मर्म आहे. साहजिकच, आत बसवलेली प्रत्येक वस्तू त्या आवाजात थोडाफार फरक पाडू शकते.

गिटारचा पिकअप का चालत नाही?

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप चुंबकीय असतो. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली, की भोवतीच्या वेटोळ्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो. युकुलेलेच्या तारा मात्र नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनच्या असतात. पूर्वी त्या आतड्याच्या असत. चुंबकाला त्यांचा पत्ताही लागत नाही.

येथे उपयोगी पडतो तो ‘पिएझो’ पिकअप. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार निर्माण होतो, हा गुणधर्म जाक आणि पिएर क्युरी या फ्रेंच बंधूंनी १८८० मध्ये शोधून काढला. आज त्यासाठी मुख्यत्वे विशिष्ट सिरॅमिक द्रव्ये किंवा प्लास्टिकची पातळ फीत वापरली जाते. तारेच्या कंपनांनी दाब कमी-जास्त झाला, की विद्युतदाबही त्याच लयीत कमी-जास्त होतो. अ‍ॅम्प्लिफायर पुढे तोच मोठा करतो.

दोन प्रकार, दोन आवाज

पहिला प्रकार सॅडलखाली बसणारा. तारा ज्या हाडाच्या वा प्लास्टिकच्या पट्टीवर टेकतात ती सॅडल. ती घोडीच्या म्हणजे ब्रिजच्या खाचेत बसते आणि पिकअपची बारीक पट्टी तिच्याखाली असते. आवाज स्पष्ट, ठोस मिळतो आणि ध्वनिक्षेपकाची शिट्टी तुलनेने कमी वाजते. त्यामुळे मोठ्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्यांची पसंती याला असते. मात्र जोरात छेडल्यास आवाजाला एक नाकातली, टणक छटा येते.

दुसरा प्रकार तबलीला आतून चिकटवण्याच्या चकतीचा. ती घोडीच्या बरोबर खाली लावतात. तारेसोबत लाकडाचाही आवाज ती टिपते, त्यामुळे स्वर अधिक नैसर्गिक वाटतो. पण वाद्यावर बोट आपटले तरी ते ऐकू येते आणि आवाज वाढवल्यास शिट्टीचा धोका अधिक. सॅडल अथवा खाचेला हात लावावा लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. जागा निवडताना आधी पुन्हा काढता येईल अशा चिकट पदार्थाने चकती लावून, दोन-तीन ठिकाणी वाजवून पाहावे. एक-दोन सेंटिमीटरच्या फरकानेही आवाज बदलतो.

याशिवाय बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प वाद्याच्या कडेत बसवता येतो. आवाजाची कळ हाताशी राहते, परंतु त्यासाठी कडेच्या पातळ फळीत चौकोनी खिडकी कापावी लागते. नऊ व्होल्टची बॅटरी एकटीच सुमारे ४५ ग्रॅम भरते. लहान सोप्रानो युकुलेलेसाठी हा भार जाणवण्याजोगा आहे.

बसवण्याची रीत

कोणताही कायमचा पिकअप बसवताना वाद्याच्या बुडाला जॅकसाठी भोक पाडावे लागते. तेथे आतून लाकडी ठोकळा असतो. त्याला टेलब्लॉक म्हणतात. प्रथम लहान आरसा आणि मोबाइलच्या उजेडात हा ठोकळा आहे का, किती जाड आहे, हे पाहावे. जॅकच्या आट्या त्याच्या जाडीला पुरेशा हव्यात. ठोकळा नसेल वा फारच लहान असेल, तर पातळ फळीवर जॅक टिकत नाही. कारागिराकडून आतून आधार लावून घ्यावा.

भोकाच्या जागी मास्किंग टेप लावून मध्य आखावा. आधी सुमारे तीन मिलिमीटरचे भोक पाडून मग पायरी-पायरीने ते जॅकच्या मापाचे, बहुधा १२ मिलिमीटरच्या आसपास, करावे. एकदम मोठे ड्रिल घातल्यास पॉलिशचे टवके उडतात आणि लाकूड चिरते.

सॅडलखालच्या पिकअपसाठी खाचेच्या एका टोकाला, तबलीतून आरपार, वायरीपुरते बारीक भोक लागते. त्याआधी आतील आधारपट्टी आड येत नाही, याची खात्री करावी. वायर तीव्र कोनात वाकता कामा नये. पिकअपची पट्टी जितकी जाड, तितकी सॅडल वर उचलली जाते आणि तारा बोटांना जड लागतात. म्हणून तेवढीच जाडी सॅडलच्या खालच्या बाजूने उतरवावी लागते. पॉलिश पेपर काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून सॅडल उभी धरून, एकसारखी घासावी. दर थोड्या वेळाने ती उजेडासमोर धरून सपाटी तपासावी. सर्वाधिक चुका होतात त्या याच टप्प्यावर. तंबोऱ्याची जवारी लावताना मिरजेचा कारागीर घोडीवर कानस ज्या जपणुकीने फिरवतो, तीच येथेही हवी. घासलेले हाड परत येत नाही.

उरतो प्रश्न जॅक आत नेण्याचा. सोप्रानोच्या तोंडातून हात आत जात नाही. अशा वेळी बाहेरून बुडाच्या भोकातून एक बारीक काडी आत सारून ती तोंडावाटे बाहेर काढतात, तिच्या टोकावर जॅक अडकवतात आणि काडी हलकेच मागे ओढतात. जॅक भोकातून डोकावला की वॉशर आणि नट लावायचे. नट पिळताना संपूर्ण जॅक फिरून आतली वायर तुटू नये, म्हणून त्याच्या टोकाच्या आडव्या छिद्रात खिळा घालून तो स्थिर धरावा. सैल वायर आतून चिकटपट्टीने बांधावी, अन्यथा ती तबलीवर खडखडते.

आवाज पातळ का येतो?

तारा चढवल्यावर चारही तारा सारख्या जोराने छेडून पाहाव्यात. एखादी दबलेली वाटली, तर दोष बहुधा सॅडलच्या सपाटीत किंवा ती खाचेत फार घट्ट बसण्यात असतो. सतत घुमणारा आवाज आला, तर वायरीचे आवरण आणि जॅकचा जोड तपासावा.

आवाज पातळ, पत्र्यासारखा येत असेल, तर पिकअपला दोष देण्यापूर्वी तो कशाला जोडला आहे ते पाहावे. बॅटरीविना चालणाऱ्या पिएझोला किमान एक मेगाओहम रोध असलेले प्रवेशद्वार लागते. मिक्सरच्या साध्या लाइन-इनपुटचा रोध बहुधा दहा किलोओहमच्या घरात असतो. तेथे थेट जोडल्यास खालचे स्वर गळून जातात. युकुलेलेच्या रूढ जुळणीतील सर्वांत खालचा स्वर सुमारे २६२ हर्ट्‌झचा. तो गेला, तर उरते ती केवळ किणकिण. बाहेर ठेवण्याचा लहान प्रीअ‍ॅम्प किंवा पिएझोसाठीचा डीआय बॉक्स मध्ये जोडल्यास बहुतेक वेळा ही तक्रार मिटते.

कोणी काय करावे?

वर्षातून एखाद-दुसरा कार्यक्रम असेल, तर वाद्याला हात न लावता समोर चांगला मायक्रोफोन ठेवणे किंवा बाहेरून चिमट्याने लावण्याचा पिकअप वापरणे पुरेसे आहे. नियमित वाजवणाऱ्याने आतील चकतीचा विचार करावा आणि मोठ्या आवाजातील वाद्यवृंदात वाजवणाऱ्याने सॅडलखालच्या पिकअपचा. जुन्या, हवाईतील कोआ लाकडाच्या वाद्यांना मात्र भोक पाडू नये. त्यांचे मोल त्यांच्या मूळ अवस्थेत असते. नवख्याने पहिला प्रयोग स्वस्तातल्या वाद्यावर करावा आणि जे काढून टाकता येते ते आधी वापरून पाहावे. त्याने भागत नाही अशी खात्री पटल्यावरच ड्रिल उचलणे शहाणपणाचे.